एक विमान की चार? – आयनांबरावरून परतणाऱ्या रडार-संदेशांची जुळणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



रडारवर बोलणार असे मी कळवले तेव्हा चिटणीससाहेबांनी एकच सूचना केली, की घरी गेल्यावर पालकांना मुलांशी त्यावर दोन शब्द बोलता आले पाहिजेत, इतपत सोपे करून सांगा. तसा प्रयत्न करतो. थोडे आकडे येतील, त्याला इलाज नाही. परंतु ते दहावीच्या त्रिकोणमितीच्या फारसे पलीकडचे नाहीत.

प्रश्न असा आहे. रडारच्या पडद्यावर चार ठिपके दिसत आहेत आणि चारही एकाच दिशेने सरकत आहेत. आकाशात विमाने किती आहेत? चार असतील, दोन असतील, किंवा एकच असेल. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला याचे उत्तर काही मिनिटांत द्यावयाचे असते आणि त्या उत्तरावर पुढे बरेच काही अवलंबून असते. आजचे सारे भाषण या एका प्रश्नापुरतेच आहे.

साध्या रडारपुढे हा प्रश्न सहसा येत नाही. विमानतळावरचे रडार रेडिओ तरंग पाठवते, ते विमानावर आपटून परत येतात आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघते. तरंगांचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, त्यामुळे हिशेब सरळ. अडचण पृथ्वीच्या गोलाईची आहे. हे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात, जमीन मात्र खाली वाकत जाते. दहा किलोमीटर उंचीवरचे विमान अशा रडारला सुमारे चारशे किलोमीटरपर्यंत दिसू शकते; तेच विमान शंभर मीटर उंचीवरून आले तर चाळीस किलोमीटरपर्यंत येईतो पत्ता लागत नाही. म्हणजे ते दाराशी आल्यावरच कळणार. ज्या देशाला हजारो किलोमीटरचा किनारा राखावयाचा आहे त्याने अशी किती रडारे उभारावीत?

यावर उपाय आहे आणि तो आपल्या डोक्यावरच आहे. मार्कोनीने १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून पाठवलेला संदेश अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकला, तेव्हा सरळ जाणारे तरंग पृथ्वीला वळसा घालून पोहोचले कसे, असा प्रश्न पडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे तर्क केला, की वातावरणाच्या वरच्या भागात विजेचे वहन करणारा एक थर असला पाहिजे. सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे तेथील हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. यालाच आपण आयनांबर म्हणतो. साधारण तीन ते तीस मेगॅहर्ट्झ कंप्रतेचे तरंग, म्हणजे रेडिओवरचा शॉर्टवेव्ह पट्टा, तेथे वाकून पुन्हा जमिनीकडे येतात.

थर एकच असता तर आज मला बोलण्यासारखे फार उरले नसते. दिवसा साधारण शंभर ते एकशेवीस किलोमीटरवर ई नावाचा थर असतो आणि त्याच्या वर, अडीचशे-तीनशे किलोमीटर व त्याहून उंच, एफ थर. ई थर प्रत्यक्ष असल्याचा पुरावा ॲपल्टन आणि बार्नेट यांनी डिसेंबर १९२४ मध्ये मिळवला. ती रीत आपल्या विषयाला अगदी जवळची आहे. बोर्नमथच्या बीबीसी केंद्रावरून कार्यक्रम संपल्यानंतर तरंगलांबी हळूहळू बदलत संदेश पाठवले आणि ते ऑक्सफर्डला ऐकले. आवाज वाढे, कमी होई, पुन्हा वाढे. कारण एक तरंग जमिनीलगत येत होता व दुसरा वरून वाकून, आणि दोघे कधी एकमेकांना साहाय्य करीत, कधी मारीत. ते चढउतार मोजून त्यांनी थराची उंची काढली. दोन वाटांनी आलेला एकच संदेश हा तेथे अडथळा नव्हता, तोच पुरावा होता! ॲपल्टनला पुढे १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी हा चढउतार स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. ऑस्ट्रेलियातल्या कसोटी सामन्याचे समालोचन पहाटे शॉर्टवेव्हवर लावले, की ऐन विकेट पडताना आवाज खोल विहिरीत गेल्यासारखा होई आणि क्षणात परत येई. घरातली माणसे रेडिओला थापा मारीत. बिचाऱ्या रेडिओचा काही दोष नसे. समालोचकाचा आवाज दोन-तीन वाटांनी येऊन आपसात भांडत असे.

हीच शॉर्टवेव्ह रडारसाठी वापरली, की क्षितिजापलीकडचे विमान दिसते. तरंग वर जातो, आयनांबरावरून खाली वळतो, विमानावर आपटतो आणि तसाच वरून परत येतो. रशियाने, म्हणजे त्या वेळच्या सोव्हिएट संघाने, असे एक प्रचंड रडार चेर्नोबिलजवळ उभारले होते. १९७६ पासून त्याची सेकंदाला दहा ठोक्यांची टकटक जगभरच्या शॉर्टवेव्ह श्रोत्यांना ऐकू येई आणि त्यांनी त्याचे नाव ‘सुतारपक्षी’ ठेवले होते. परंतु आपल्या प्रश्नासाठी ऑस्ट्रेलियाचे उदाहरण अधिक चांगले, कारण तेथील संशोधकांनी त्यावर मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांच्या ‘जिंदाली’ प्रकल्पाचे प्रयोग १९७० च्या दशकात ॲलिस स्प्रिंग्जच्या ओसाड प्रदेशात सुरू झाले. पुढे लॉंगरीच आणि लॅव्हर्टन येथे रडारे उभी राहिली व २००३ मध्ये हे जाळे तेथील हवाई दलाच्या हाती आले. साधारण एक हजार ते तीन हजार किलोमीटर दूरचे ते पाहते. तरंग पाठवणारी जागा एकीकडे आणि ऐकणारी जागा शंभरेक किलोमीटर लांब, म्हणजे स्वतःच्याच आवाजाने कान बधिर होऊ नयेत. ऐकण्यासाठी लावलेल्या अँटेनांची रांग सुमारे तीन किलोमीटर लांबीची असते.

आता फळ्यावरची आकृती. छापील मजकुरात ती नाही, तेव्हा वाचकांनी कागदावर काढून घ्यावी. समजा, विमान रडारपासून जमिनीवरून मोजता १५०० किलोमीटरवर आहे. ई थर ११० किलोमीटरवर व एफ थर ३०० किलोमीटरवर धरू. तरंग ई थरावरून गेला तर त्याला एका फेरीत १५२८ किलोमीटर चालावे लागते, एफ थरावरून गेला तर १६४७. जाताना दोन वाटा आणि येताना दोन वाटा, म्हणून एकूण चार प्रकार झाले: ई-ने जाऊन ई-ने येणे, ई-ने जाऊन एफ-ने येणे, त्याच्या उलट, आणि दोन्ही वेळा एफ. रडारला फक्त जाण्यायेण्याचा एकूण वेळ कळतो, त्याचे निम्मे करून ते अंतर सांगते. म्हणून एकच विमान १५२८, १५८८ आणि १६४७ किलोमीटरवर उमटते आणि मधल्या जागी ठिपके दोन असतात. विमान मात्र यांपैकी कोठेही नाही! ते १५०० वर आहे.

चुकीची वाट धरली तर काय होते तेही पाहा. एफ-एफ वाटेने आलेला ठिपका आपण ई-ई समजलो तर विमान १६१९ किलोमीटरवर आहे असे उत्तर येते. ई-ई चा ठिपका एफ-एफ समजलो तर १३७४. दोन्हीकडे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चूक. समुद्रात कोणाला शोधावयास निघालेल्या माणसाला सव्वाशे किलोमीटर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात जहाजावर नोकरी केलेली माणसे आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको.

म्हणजे काम दुहेरी आहे. कोणता ठिपका कोणत्या वाटेने आला हे ठरवावयाचे, आणि कोणते ठिपके मिळून एक विमान होते हेही ठरवावयाचे. एकाचे उत्तर आल्याशिवाय दुसऱ्याचे येत नाही.

हा प्रश्न आपल्या संस्थांच्या कचेरीतही येतो. शिष्यवृत्तीचे अर्ज तपासताना एका अर्जात आडनाव आधी आहे, दुसऱ्यात मुलाचे नाव आधी, तिसऱ्यात वडिलांचे नाव मध्ये आणि अक्षरे आद्याक्षरांत. हा एकच मुलगा आहे की तीन भाऊ-चुलतभाऊ? तिघांना एक धरले तर दोन गरजू मुले राहून जातील, आणि एकाला तीन धरले तर दुसऱ्याचा वाटा त्याला जाईल. कारकून काय करतो? केवळ नावावर जात नाही. जन्मतारीख पाहतो, वडिलांचा धंदा पाहतो, गाव पाहतो. सगळ्या गोष्टी एकाच मुलाशी जुळतात का, हे पाहतो. रडारवाले नेमके हेच करतात.

त्यांच्याजवळची पहिली खूण अंतराची. तीन ठिपक्यांना वेगवेगळ्या वाटा लावून जमिनीवरचे अंतर काढावयाचे. योग्य वाटा लावल्या की तिन्ही ठिपके १५०० या एकाच जागी येऊन मिळतात. हे मिळणे हाच जुळणीचा पाया.

दुसरी खूण वेगाची. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा सूर चढतो तसा येणाऱ्या विमानावरून परतलेल्या तरंगाचा सूर चढतो, आणि त्यावरून वेग कळतो. परंतु तरंग जितका तिरका, तितका वेगाचा कमी हिस्सा त्याच्या वाट्याला येतो. आपल्या उदाहरणात ई-वाटेचा तरंग विमानाशी जेमतेम पाच अंशांचा कोन करतो, एफ-वाटेचा अठरा अंशांचा. ताशी ९०० किलोमीटरने सरळ रडारकडे येणारे विमान म्हणून ई-ई वर ८९७, मधल्या वाटांवर ८७६ आणि एफ-एफ वर ८५६ वेगाचे दिसते. म्हणजे जवळचा ठिपका जरा चपळ, दूरचा जरा मंद. एकामागून एक जाणारी तीन खरी विमाने वेगात असा बेतशीर फरक ठेवून, त्याच वेळी अंतरही तंतोतंत राखून उडतील, हे संभवत नाही असे नाही, पण अवघड आहे. आयनांबर स्वतः वरखाली हलत असते आणि त्याचाही थोडा वेग यात मिसळतो. म्हणून ही खूण एकटी पुरत नाही.

तिसरी खूण मला स्वतःला सर्वांत सुंदर वाटते. अँटेनांची सरळ रांग दिशा ओळखते, पण वरून येणारा तरंग तिला किंचित फसवतो; तो खऱ्यापेक्षा रांगेच्या समोरच्या बाजूला सरकलेला भासतो. विमान समोरच्या दिशेपासून तीस अंशांवर असेल तर ई-वाटेने परतलेला तरंग २९.९ अंशांवर दिसतो आणि एफ-वाटेने परतलेला २८.४ वर. दीड अंशाचा फरक म्हणजे तेवढ्या अंतरावर जवळपास चाळीस किलोमीटर. त्यामुळे ते जे मधले दोन ठिपके अंतराने सारखे आणि वेगानेही सारखे होते, ते दिशेने फुटतात, कारण एक ई-ने परतला आहे व दुसरा एफ-ने. चारही ठिपके जोडले की पडद्यावर एक ठरावीक तिरकी चौकट तयार होते. अनुभवी माणसाला ती चौकट ओळखू येते.

बसऱ्याच्या इब्न अल-हैथमने अकराव्या शतकात असा प्रश्न सोडवावयास घेतला होता, की गोल आरशासमोर डोळा एका जागी व वस्तू दुसऱ्या जागी असेल तर प्रकाश आरशाच्या कोणत्या बिंदूवरून परतेल? अशा बिंदूंची संख्या एकाहून अधिक असू शकते. आयनांबर धातूच्या आरशासारखे गुळगुळीत नाही आणि त्यात तरंग हळूहळू वाकतो; तरीही एक वस्तू अनेक जागी का दिसावी, ही गोष्ट भूमितीच्या दृष्टीने इतकी जुनी आहे.

भाषणानंतर एका विद्यार्थिनीने विचारले, की दोन विमाने खरोखरच साठ किलोमीटरच्या अंतराने एकामागे एक उडत असतील तर? प्रश्न चांगला होता. अशा वेळी दोन गोष्टी कामी येतात. पहिली, थांबावयाचे. एखादे विमान वळले की त्याच्या सगळ्या छाया एकाच क्षणी वळतात. दुसरे खरे विमान तसे वळेलच असे नाही. दुसरी, कंप्रता बदलावयाची. ती पुरेशी वाढवली की तरंग ई थर भेदून जातो आणि फक्त एफ थरावरून परततो. जे ठिपके तत्काळ नाहीसे झाले ते ई-वाटेचे होते. सूर्यास्तही हेच काम फुकटात करतो, कारण रात्री ई थर फार क्षीण होतो. अडचण इतकीच की सूर्यास्ताला एफ थरही हलू लागतो आणि सगळी मापे पुन्हा जुळवावी लागतात.

आतापर्यंत मी चार ठिपक्यांवर बोललो. पडद्यावर ते शेकड्यांनी असतात आणि त्यांत समुद्राच्या लाटा, उल्का, दूरच्या रेडिओ केंद्रांचा गोंगाट यांचेही ठिपके येतात. तीन ठिपक्यांचे गट पाच प्रकारे पडतात (विद्यार्थ्यांनी करून पाहावे), चारांचे पंधरा प्रकारे, आणि दहा ठिपक्यांचे १,१५,९७५ प्रकारे. एका विमानाला एका वाटेचा एकच ठिपका, या नियमाने बरेच प्रकार गळतात. तरीही उरलेले कोणी माणूस बसून तपासू शकणार नाही.

म्हणून येथे संभाव्यतेचे गणित आले. रूडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये हलत्या वस्तूची पुढची जागा वर्तवण्याची व नव्या मापाने ती सुधारण्याची पद्धत मांडली. १९७५ मध्ये बार-शालोम व त्से यांनी तीत एक शहाणपणाची भर घातली: कोणता ठिपका खरा हे हट्टाने ठरवू नका, प्रत्येकाला त्याच्या शक्यतेइतके वजन द्या. १९७९ मध्ये रीड यांनी अनेक पर्यायी जुळण्या एकाच वेळी जिवंत ठेवून, पुढचे पुरावे येतील तसतसे निकामी पर्याय छाटण्याची रीत दिली. आणि १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात पुलफर्ड व एव्हान्स यांनी हे सारे क्षितिजापलीकडच्या रडारला लावले. ‘हा ठिपका कोणत्या विमानाचा’ याच्या जोडीला ‘तो कोणत्या वाटेने आला’ हाही प्रश्न त्यांनी त्याच वजनांच्या हिशेबात घेतला. त्यामुळे अनेक वाटा हा उपद्रव न राहता त्यांचा उपयोग होऊ लागला: एकाच विमानाची चार मापे मिळाली तर त्याची जागा एका मापापेक्षा अधिक अचूक सांगता येते.

हा सारा खटाटोप करण्याचे कारण एका प्रसंगावरून ध्यानात येईल. प्रसंग क्षितिजापलीकडच्या रडारचा नाही, पण परतलेला तरंग कोठून आला हे न ओळखण्याचा आहे. ५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्रीनलंडमधील थूल येथे अमेरिकेच्या नुकत्याच सुरू झालेल्या क्षेपणास्त्र-सूचना केंद्राने हल्ल्याचा इशारा दिला. प्रत्यक्षात नॉर्वेच्या बाजूने चंद्र उगवत होता आणि रडारचे तरंग त्याच्यावर आपटून अडीच सेकंदांनी परतत होते. इतक्या दुरून काही परत येईल अशी यंत्राची कल्पनाच नव्हती, म्हणून त्याने ते जवळचे मानले. सोव्हिएट पंतप्रधान ख्रुश्चेव्ह त्या वेळी स्वतः न्यूयॉर्कमध्ये होते. त्यांच्याच देशाने त्याच घडीला हल्ला करावा हे अधिकाऱ्यांना पटले नाही. तेथे माणसांचा सारासार विचार उपयोगी पडला. यंत्राला तो शिकवणे म्हणजेच मी मघापासून सांगत असलेले गणित.

चुका दोन प्रकारच्या होतात. एका विमानाची चार केली तर तिघांच्या शोधात माणसे व इंधन वाया जाते. आणि असे वारंवार झाले, की ‘लांडगा आला रे आला’ प्रमाणे पडद्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. दोन विमानांचे एक केले तर दुसरे कोणाच्याच लक्षात नसताना जवळ येत राहते. माझ्या मते दुसरी चूक अधिक वाईट, कारण पहिली थोड्या वेळाने आपोआप उघडी पडते, दुसरी पडत नाही. म्हणून संशय असेल तर ठिपके वेगळे ठेवावेत आणि पडद्यावर तसा संशय स्पष्ट दाखवावा, असे मी म्हणेन. काही जाणकारांना पडद्यावरची गर्दी अधिक धोक्याची वाटते. त्यांचेही म्हणणे सोडून देण्यासारखे नाही.

हे सर्व थरांची उंची ठाऊक असेल तरच. ती मोजण्यासाठी आयनोसोंड नावाचे यंत्र निरनिराळ्या कंप्रतांचे तरंग सरळ वर पाठवते व किती वेळाने परतले ते नोंदवते. ऑस्ट्रेलियाने रडारच्या सोबतीला अशा यंत्रांचे जाळेच उभारले आहे. शिवाय, ज्यांची जागा आधीच पक्की माहीत आहे अशा खुणांचा पडताळा घेता येतो: बेटावर ठेवलेले उत्तर देणारे यंत्र, ठरलेल्या मार्गाने जाणारे प्रवासी विमान, इतकेच काय, समुद्र संपून जमीन जेथे सुरू होते ती किनाऱ्याची रेघसुद्धा, कारण लाटांवरून आणि जमिनीवरून परतणारा तरंग वेगळा असतो. आपल्या देशात हे शास्त्र नवे नाही. कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनी आयनांबराच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. त्यांचा ‘द अपर ॲटमॉस्फिअर’ हा ग्रंथ १९४७ मध्ये निघाला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले रॉकेट सोडण्यासाठी केरळातील थुंबा निवडले, तेही पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळ जाते म्हणून.

आणि या विषुववृत्ताच्या पट्ट्यातच वरचे गणित सर्वांत जास्त कसोटीला लागते. सूर्य मावळल्यानंतर येथे एफ थर झपाट्याने वर उचलला जातो आणि पुष्कळदा त्याच्या पोटात विरळ हवेच्या बुडबुड्यांसारख्या पोकळ्या फुगत वर चढतात. आयनोसोंडच्या कागदावर रेखीव रेघ येण्याऐवजी धूसर पट्टा उमटतो. ऑस्ट्रेलियाची रडारे उत्तरेकडे पाहतात ती याच पट्ट्याच्या दिशेने. दोन थर आणि चार वाटा ही कल्पना तेथे रात्री काही तास टिकत नाही. वाटा किती आहेत हेच सांगता येत नाही. चौकट दिसत नाही, एका विमानाचा ठिपका फाटल्यासारखा पसरतो. अशा वेळी चांगली प्रणाली पडद्यावर विमानांची संख्या लिहीत नाही; ती माग नुसता ‘अनिश्चित’ म्हणून ठेवते, आणि पडद्यासमोरचा माणूस कंप्रता बदलून, आयनोसोंडची पुढची नोंद येईतो पाहत राहतो.